उच्च, नीच आणि गणकाचे पाऊल : ग्रहलाघवापासून खोडदपर्यंत



आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरच्या वाटेला लागली, की आपल्या भागातील माणसांचे डोळे रिंगणाकडे लागतात. वाटेत बेलवाडीस आणि पुढे इंदापुरास गोल रिंगण होते. मध्ये पालखी, भोवती टाळकरी आणि पताकावाले, आणि मोकळ्या राखलेल्या वाटेवरून धावणारा अश्व. हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. आता अशी कल्पना करा, की तो अश्व एकाच वेगाने धावतो आहे आणि एक फेरा बरोबर साठ पळांत पुरा करतो आहे. मग पंधरा पळांनी तो कोठे असेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. शाळेतला पोरही सांगेल, की पाव फेऱ्यावर.

आकाशातले ग्रह आणि तारे असे धावले असते, तर जगातील निम्मे ज्योतिर्गणित जन्मालाच आले नसते. परंतु आकाशातले रिंगण गोल नाही, आणि पालखीही मधोमध ठेवलेली नाही. ती एका बाजूस सरकलेली आहे. तिच्याजवळून जाताना अश्व चौखूर उधळतो, आणि लांब गेला म्हणजे पाय ओढीत चालतो. या वेड्यावाकड्या चालीला गणितात कसे बसवावे, हा प्रश्न आपल्याकडील गणकांपुढे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी होता, आणि आज संगणकासमोर बसणाऱ्या तरुणापुढेही तो तसाच आहे. माझे आजचे बोलणे या एका प्रश्नापुरते आहे. त्याचे शेवटचे टोक आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडदला येऊन पोचते, हे मला विशेष वाटते.

प्रथम घरच्या घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या. मार्चच्या २० तारखेच्या सुमारास दिवस-रात्र समान असतात, आणि पुन्हा सप्टेंबरच्या २२-२३ तारखेस. यांच्यामधले दिवस मोजा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत १८६ भरतील, आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत १७९. सूर्याने दोन्ही वेळा अर्धेच वर्तुळ ओलांडले, मग सात दिवसांचा फरक का पडला? कारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जोराने धावते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत लांब असते आणि रेंगाळते. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी या लांबच्या टोकास ‘उच्च’ आणि जवळच्या टोकास ‘नीच’ म्हटले. जन्मपत्रिकेतील उच्चीचा गुरू आणि नीचीचा मंगळ यांच्याशी या शब्दांची गल्लत करू नये. नाव एक असले, तरी बाब निराळी आहे.

आता आपल्या गणकांनी यावर काय केले ते पाहा. त्यांनी प्रथम एक खोटा ग्रह कल्पिला. तो समान गतीने गोल रिंगणात फिरतो. त्याचे नाव ‘मध्यम ग्रह’. मध्यम ग्रह काढणे म्हणजे निव्वळ त्रैराशिक होय. मग खरा ग्रह या खोट्या ग्रहाच्या पुढे किंवा मागे किती आहे ते अंतर काढावयाचे. त्यास ‘मंदफल’ म्हणतात. ते मिळविले किंवा वजा केले, की ‘स्पष्ट ग्रह’ हाती येतो. सूर्याचे सर्वांत मोठे मंदफल जुन्या सिद्धांतग्रंथांत दोन अंशांहून थोडे अधिक धरलेले आहे. आजच्या गणिताने ते १ अंश ५५ कला येते. बाराव्या शतकाच्या मानाने ही चूक काही मोठी नव्हे.

बारावे शतक म्हटले, की भास्कराचार्य आठवणारच. त्यांचा जन्म सन १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी ११५० साली लिहिला. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख आहे. या भास्कराचार्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली, आणि ती मला त्यांच्या लीलावतीतील सगळ्या हंसकमळांच्या उदाहरणांपेक्षा मोलाची वाटते. ग्रहाची एक दिवसाची गती वेगळी आणि त्या क्षणाची गती वेगळी, असे ते म्हणतात. दुसरीस ते ‘तात्कालिक गती’ असे नाव देतात. चंद्राची चाल तर क्षणोक्षणी पालटते. म्हणून तिथीचा अंत जवळ आलेला असेल, तर तो काढताना तात्कालिक गतीच घ्यावी, तेथे दिवसाची ढोबळ गती कामाची नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. चाल जेथे झपाट्याने बदलते तेथे गणकाने आपले पाऊल आखूड करावे, ही यातील मेख आहे. हे वाक्य आपण लक्षात ठेवू. आठशे वर्षांनी त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

भास्कराचार्यांनंतर पावणेचारशे वर्षांनी, कोकणात नांदगावी, गणेश दैवज्ञ नावाचा एक विलक्षण व्यवहारी गणिती झाला. शके १४४२, म्हणजे सन १५२०, हे त्याच्या ‘ग्रहलाघवा’चे आरंभवर्ष. सिद्धांतग्रंथांतील ज्या आणि कोज्या गावोगावच्या जोश्यांना झेपत नाहीत हे त्याने ओळखले, आणि ज्येचे नावही न घेता बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांवर सारे ग्रहगणित बसवून दिले. मंदफलाचे त्याने आकडेच नेमून ठेवले. महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे झाली ती बहुतांशी याच ग्रंथाच्या आणि त्याच्याच ‘तिथिचिंतामणी’च्या कोष्टकांच्या आधारे. आपल्या बारामतीत मोरोपंत आर्यांच्या मात्रा मोजीत बसले होते, त्या काळातल्या पंचांगांमागेही गणेश दैवज्ञाचाच हिशेब होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ग्रहलाघव ही एक आज्ञावलीच होय. आकडे घाला, सांगितलेल्या क्रमाने चालवा, ग्रह बाहेर येतो. का येतो, हे चालविणाऱ्यास ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. यातच तिची सोय होती आणि यातच तिचा धोका.

धोका पुढे दिसू लागला. आकड्यांतला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांच्यात अंतर पडत चालले. केरो लक्ष्मण छत्रे, पुण्याचे केरूनाना, यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ पाश्चात्त्य ज्योतिष्यांच्या नव्या कोष्टकांवरून प्रसिद्ध केला, आणि त्यातून पंचांगाचा मोठा वाद उभा राहिला. केरूनानांचे शिष्य लोकमान्य टिळक हेही त्या वादात होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त, १८९६ साली, हा सर्व इतिहास निःपक्षपातीपणे मांडून ठेवला आहे, ज्याला मराठी गद्य कसे लिहावे हे शिकावयाचे आहे त्यानेही तो ग्रंथ वाचावा. त्या वादातला एक शब्द मला आज हवा आहे, तो ‘दृक्प्रत्यय’. गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. न दिसले, तर गणित कितीही जुने अगर कितीही सुंदर असो, ते दुरुस्त करावे लागते.

दरम्यान युरोपात योहान केप्लरने १६०९ साली रिंगणाचा खरा आकार सांगितला होता. तो लंबवर्तुळाचा. सूर्य त्याच्या मध्यावर नसून एका नाभीवर असतो. नाभी मध्यापासून किती सरकली आहे, हे ज्या आकड्याने सांगतात त्यास उत्केंद्रता म्हणतात. गोल रिंगणाची उत्केंद्रता शून्य. पृथ्वीच्या कक्षेची ०.०१६७, मंगळाची ०.०९३, आणि १९८६ साली येऊन गेलेल्या हॅलेच्या धूमकेतूची ०.९६७. आकडा एकाच्या जितका जवळ, तितके रिंगण लांबट.

केप्लरने आकार दिला, पण सोबत एक डोकेदुखीही दिली. ग्रह अमुक ठिकाणी किती वाजता असेल, हे त्याच्या समीकरणातून सरळ निघते. अमुक वाजता ग्रह कोठे असेल, हे मात्र सरळ निघत नाही. आणि आपल्याला नेमके तेच हवे असते! उत्तर आधी अंदाजाने धरावयाचे, ते समीकरणात घालावयाचे, जे येईल ते पुन्हा घालावयाचे, आणि आकडा हलेनासा झाला म्हणजे थांबावयाचे. केप्लरच्या किती तरी आधीपासून आपल्या ग्रंथांत अशा क्रियेस ‘असकृत्कर्म’ म्हणत, म्हणजे एकदाच करून न भागणारे काम. पृथ्वीसाठी हे करून पाहिले, तर ९० अंशांपासून निघालेला आकडा पहिल्याच खेपेस ९०.९६ होतो आणि तेथेच थांबतो. उत्केंद्रता ०.८८८ घेऊन तेच करा. ९० नंतर १४०.९ येतो, मग १२२.१, मग १३३.१, १२७.२, १३०.६, १२८.७. घड्याळाच्या लंबकासारखा आकडा इकडून तिकडे झोके घेत बसतो आणि बऱ्याच वेळाने १२९.३ वर स्थिरावतो. पाटीवर गणित करणाऱ्याचा जीव मेटाकुटीस यावा असा हा प्रकार आहे.

०.८८८ हा आकडा मी मुद्दाम घेतला. तो कोठून आला, हे सांगण्यापूर्वी जोडताऱ्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

दोन मुली फुगडी घालतात तेव्हा त्यांतली कोणती कोणाभोवती फिरते? कोणीच नाही. दोघी मिळून हातांच्या पकडीजवळच्या एका बिंदूभोवती फिरतात. एक थोरली आणि दुसरी लहान असली, तर लहानगी मोठा घेर घेते. जोडतारे असेच फिरतात. फरक इतकाच, की त्यांचे हात रबराचे असावेत तसे अंतर कमी-अधिक होते, आणि अंतर घटले की गिरकी वाढते. अशा जोडीतील एक तारा जर पल्सार असेल, तर ज्योतिष्याला पर्वणीच. पल्सार म्हणजे स्पंदक तारा. सूर्याहून जड परंतु एखाद्या शहराएवढाच व्यास असलेला हा गोळा भराभर स्वतःभोवती फिरतो आणि दर फेऱ्याला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवितो. म्हणजे फुगडीतल्या एका मुलीच्या पायात पैंजण बांधल्यासारखे झाले. ती आपल्याकडे येताना ठोके दाट ऐकू येतात, दूर जाताना विरळ. या दाट-विरळपणावरून तिचे सारे रिंगण काढता येते.

असा पहिला जोडपल्सार १९७४ साली रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना अरेसिबोच्या दुर्बिणीने सापडला. पावणेआठ तासांची फेरी, उत्केंद्रता ०.६१७. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे अशी जोडी गुरुत्वीय लहरींच्या रूपाने शक्ती गमावीत जाणार आणि तिची कक्षा आक्रसणार. किती शक्ती, याचे सूत्र पीटर्स आणि मॅथ्यूज या दोघांनी १९६३ सालीच काढून ठेवले होते. तेवढ्याच आकाराच्या गोल कक्षेच्या मानाने ही लांबट कक्षा जवळजवळ बारापट शक्ती टाकते, असे त्या सूत्रावरून येते. कारण नीचाजवळून दोघे जातात तेव्हाच सारा भडका उडतो. प्रत्यक्षात ही फेरी वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी कमी होताना दिसली, आणि गणिताशी ती एका टक्क्याच्याही आत जुळली. कक्षा गोल धरून कोणी हिशेब केला असता, तर आइन्स्टाइन बारापटीने चुकला अशी दवंडी पिटण्याची पाळी आली असती! १९९३ चे नोबेल पारितोषिक हल्स आणि टेलर यांना मिळाले. हा दृक्प्रत्यय झाला.

आता खोडद. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळच्या या खेड्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओदुर्बीण उभी राहिली. चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. भिंती भरीव नाहीत, तारांच्या जाळ्यांच्या आहेत. त्यामुळे खर्चही वाचला आणि वाराही आरपार जातो. स्वरूप २०२० साली वारले. या दुर्बिणीने दक्षिणेकडच्या कपोत नावाच्या तारकासमूहातील ‘एनजीसी १८५१’ या तारकागुच्छाकडे कान लावला. हा गुच्छ सुमारे चाळीस हजार प्रकाशवर्षे दूर आहे. पावलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी त्यात एक स्पंदक शोधून काढला आणि २००४ साली तो जाहीर केला. त्याचा ठोका दर ५ मिलिसेकंदांना पडतो, फेरी १८.८ दिवसांची आहे, आणि उत्केंद्रता? ०.८८८. आपला मघाचा आकडा तो हाच.

या ताऱ्याची चाल जरा आकड्यांत पाहा. मी वहीवर मांडून पाहिले तेव्हा माझाच विश्वास बसेना. फेरीचे एकूण तास साधारण ४५०. त्यांपैकी नीचाच्या अलीकडचा आणि पलीकडचा मिळून अर्धा वळसा, म्हणजे १८० अंश, हा तारा अवघ्या दहा तासांत उरकतो. उरलेला अर्धा वळसा पुरा करण्यास त्याला ४४० तास लागतात. नीचाशी त्याचा वेग उच्चाच्या वेगाच्या सतरापट असतो.

आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी महाविद्यालयात शिकत असताना संगणकावर अशाच जोडताऱ्यांचे प्रतिरूप करीत होता. कृती सोपी असते. दोन तारे आता कोठे आहेत आणि कोणत्या वेगाने चालले आहेत, हे संगणकाला सांगावयाचे. त्यावरून त्यांची परस्परांवरील ओढ काढावयाची, तीप्रमाणे वेग किंचित बदलावयाचा, आणि ताऱ्यांना एक पाऊल पुढे सरकवावयाचे. पुन्हा ओढ, पुन्हा वेग, पुन्हा पाऊल. त्याने पाऊल धरले होते अर्ध्या दिवसाचे, म्हणजे बारा तासांचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ तारा शहाण्यासारखा चालला, आणि नीचाजवळ येताच गोफणीतून सुटलेल्या धोंड्यासारखा पडद्याबाहेर निघून गेला. पोर हबकले. त्याला वाटले, न्यूटनचा नियमच टंकताना चुकला. नियम बरोबर होता. जो अर्धा वळसा दहा तासांत संपतो, तो बारा तासांच्या पावलात संगणकाला दिसलाच नव्हता. एका पावलात तारा अलीकडे होता, पुढच्या पावलात पलीकडे, आणि मधले सगळे वळण हिशेबाबाहेर राहिले.

यावर कोणी म्हणेल, की पाऊल एका मिनिटाचे करा, संगणक काही थकत नाही. एका फेरीसाठी ते ठीक आहे. पण लाखो ताऱ्यांचा गुच्छ आणि कोट्यवधी वर्षांचा काळ घेतलात, म्हणजे संगणकही थकतो. आणि शिवाय प्रत्येक पावलागणिक दशांशांच्या कापाकापीची बारीक चूक साठत जाते. बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवडवरून पुण्यास जाणारा गाडीवाला सरळ रस्त्यावर शेजाऱ्याशी गप्पा मारतो, आणि दिवेघाटाच्या वळणावर मात्र गप्प होऊन दर क्षणी रस्त्यावर नजर ठेवतो. सगळ्या प्रवासभर त्याने घाटासारखी नजर ठेवली, तर पुण्यास पोचेपर्यंत तो वेडा होईल. सबब पाऊल जागेप्रमाणे बदलावे. स्व्हेर्रे आर्सेथ याने १९६० नंतरच्या दशकात तारकागुच्छांच्या आज्ञावलीत प्रत्येक ताऱ्याला त्याचे त्याचे पाऊल दिले. त्याहीपूर्वी, १९२० साली, लेव्ही-चिव्हिटा या इटालियन गणित्याने घड्याळच बदलण्याची युक्ती काढली होती. तारे जवळ आले, की घड्याळ त्या मानाने सावकाश चालवावे, म्हणजे नीचाची धावपळ गणकास निवांत दिसते. त्याची युक्ती सपाट कागदापुरती होती. कुस्टानहाइमो आणि श्टीफेल यांनी १९६५ साली ती अवकाशाच्या तिन्ही दिशांना लागू केली.

या घड्याळाने आपल्या खोडदच्या ताऱ्याच्या फेरीची ३६० पावले पाडली, तर उच्चाशी एक पाऊल दोन तास बावीस मिनिटांचे पडते आणि नीचाशी साडेआठ मिनिटांचे. पावले तितकीच, पण जेथे हवी तेथे दाट. भास्कराचार्यांनी तिथीच्या अंताविषयी जे सांगितले होते, त्याची आणि याची जात एकच आहे. याचा अर्थ आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असा कोणी काढू नये; तसले बोलणे मला आवडत नाही. अडचण एक असली, म्हणजे शहाणी माणसे सारख्या वाटेने जातात, एवढेच.

निरीक्षणाच्या बाजूसही अशीच सावधगिरी लागते. पल्सारच्या ठोक्यांचा हिशेब करणारी जी प्रसिद्ध आज्ञावली आहे तिचे नाव ‘टेम्पो’. आपल्याकडे भाजी आणि कडबा वाहतो तो टेम्पो नव्हे! तिच्यात जोडताऱ्यांसाठी निरनिराळे साचे असतात. ब्लँडफर्ड आणि ट्यूकॉल्स्की यांचा १९७६ चा, दामूर आणि देरुएल यांचा १९८६ चा, आणि जवळजवळ गोल कक्षांसाठी एक निराळाच. हा तिसरा का लागला, ते मोठे मौजेचे आहे. रिंगण अगदी गोल झाले, की नीच कोठे आहे ते सांगताच येत नाही. सपाट माळावर उंच जागा शोधण्यासारखे ते होते. म्हणून त्या साच्यात नीचाचे नावच काढीत नाहीत, आणि उत्केंद्रता अत्यंत लहान आहे असे गृहीत धरून सूत्रे आखूड करतात. हजारात एक उत्केंद्रतेच्या ताऱ्याला हा साचा उत्तम बसतो. ०.८८८ ला तो लावला, तर संगणक तक्रार न करता उत्तर देईल, आणि ते उत्तर धडधडीत खोटे असेल. ग्रहलाघवाविषयी मघाशी जे म्हणालो ते येथे आठवा.

चुकीची किंमत काय पडते? या ताऱ्याची कक्षा स्वतःही हळूहळू फिरते, तिचा नीच वर्षाला अंशाच्या सुमारे ०.०१३ भागाने सरकतो. बुधाच्या कक्षेचे जे शतकाला ४३ विकलांचे सरकणे आइन्स्टाइनने १९१५ साली उलगडले, तेवढी मजल हा तारा एका वर्षात मारतो. या सरकण्यावरून दोघांचे मिळून वस्तुमान निघते. ते २.४७ सूर्यांइतके आले. या सूत्रात उत्केंद्रतेचा एक गुणक आहे. तो कोणी विसरला, तर तेच वस्तुमान पंचवीस सूर्यांइतके निघते, आणि एका साध्या जोडीच्या जागी भले मोठे कृष्णविवर सापडल्याची बातमी छापून येते. पुढे नव्या यंत्रसामग्रीने सजविलेल्या खोडदच्या दुर्बिणीनेच या जोडीचे बारकाईने मापन झाले आणि २०१९ साली दोघांची वजने वेगवेगळी सांगण्यात आली. स्पंदक सुमारे १.२५ सूर्यांचा, सोबती सुमारे १.२२ चा. त्याच गुच्छातील दुसऱ्या एका लांबट जोडीतील सोबती २.०९ आणि २.७१ सूर्य यांच्या दरम्यान असल्याचे २०२४ साली दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीवरून जाहीर झाले. तो जड न्यूट्रॉन तारा की हलके कृष्णविवर, यावर अजून वाद आहे. तेथे गुणक विसरून चालणार नाही, हे सांगावयास नको.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ए. गोपकुमार यांनी तिबो दामूर आणि बाला अय्यर यांच्यासह २००४ साली लांबट जोड्यांच्या गुरुत्वीय लहरींचे गणित मांडले. पुढे त्यांच्या गटाने कर्क राशीच्या दिशेच्या ‘ओजे २८७’ या दूरच्या दीर्घिकेसाठी असेच गणित वापरले. तेथे अठरा अब्ज सूर्यांइतक्या कृष्णविवराभोवती पंधरा कोटी सूर्यांइतके दुसरे कृष्णविवर बारा वर्षांच्या लांबट कक्षेत फिरते, नीच दर फेरीस सुमारे ३९ अंश सरकतो, आणि लहान विवर मोठ्याच्या भोवतालच्या चकतीतून आरपार जाते तेव्हा प्रकाशाचा लोळ उठतो, अशी ही उपपत्ती. २०१९ च्या जुलैअखेर असा लोळ उठणार, असे गणित होते. त्या वेळी ती दीर्घिका पृथ्वीवरून सूर्याआड होती. पण लांब जाऊन पोचलेल्या स्पिट्झर दुर्बिणीने ३१ जुलैस तो पाहिला, आणि वेळ चार तासांच्या आत जुळली. टाळ्या वाजल्या. मग २०२२ च्या ऑक्टोबरात अपेक्षिलेला लोळ मात्र दिसला नाही, आणि मोठ्या विवराचे वजन मुळात पुष्कळच कमी असावे, असे म्हणणारा दुसरा पक्ष पुढे आला. पहिल्या पक्षाने आपल्या गणिताची बाजू सोडलेली नाही. केरूनानांच्या काळचे पंचांगवादी आज असते, तर त्यांना हा कलह परका वाटला नसता.

पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास गुरुत्वीय लहरी हुडकण्यासाठी नमुना-तरंगांची पद्धत बसविण्याचे मोलाचे काम केले. येणाऱ्या गोंगाटाशी हजारो नमुने ताडून पाहावयाचे, आणि जो जुळेल त्यावरून जोडी ओळखावयाची. २०१५ च्या १४ सप्टेंबरला अमेरिकेत पहिली लहर सापडली, तीही याच घराण्यातल्या पद्धतीने ओळखता आली. हे नमुने बहुतांशी गोल कक्षांचे असतात, आणि त्याला आधारही आहे: शक्ती टाकता टाकता लांबट कक्षा गोल होत जाते, हे पीटर्सने १९६४ सालीच दाखविले. परंतु तारकागुच्छाच्या गर्दीत ऐन शेवटी जुळलेल्या जोडीला गोल व्हावयास सवड मिळत नाही. तिची लहर आली आणि पेढीत तिचा नमुनाच नसला, तर ती गोंगाटात जमा होईल. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ अशी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली आहे. तिच्या कामासाठी लांबट कक्षांचे नमुने तयार करणारी पोरे याच महाराष्ट्रातली असावीत, अशी माझी इच्छा आहे.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगून रजा घेतो. त्याने घड्याळ बदलले, पावले नीचाजवळ दाट केली, आणि तारा पडद्याबाहेर जाईनासा झाला. एक फेरी, दहा, शंभर. रेघेवर रेघ इतकी नेमकी बसली, की एकदाच काढल्यासारखी दिसावी. त्याने मोठ्या आनंदाने मला ती दाखविली. मी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “अरे, पण खरा तारा दर वर्षी ०.०१३ अंश सरकतो ना? तुझी रेघ सरकत का नाही?” त्याने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा कामाला बसला.